मंसूर मणियारच्या हातातले जॉब

जव्हारच्या बाजारपेठेत मणियारांचं बांगड्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन भिंतींमधली फट. आत माणूस बसला की बांगड्यांनी बाहेर लटकायचं. अशा दुकानातला मंसूर मुंबईला जाऊन सरकारी कॉम्प्युटरला हुकूम देतो, ही गोष्ट चौऱ्याहत्तर साली गावाच्या पचनी पडायला तशी जडच होती. पण संस्थान जाऊन पंचवीस-सव्वीस वर्षं झाली तरी हुकूम या शब्दाचं वजन जव्हारात उतरलं नव्हतं. आपल्यातला एक जण हुकूम देतो म्हटल्यावर गावाने पुढची चौकशी केली नाही, आणि तिथूनच मंसूरच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं.

खरं तर त्याचं काम साधं होतं. मुंबईतल्या एका सरकारी गणनकेंद्रात, भर मे महिन्यातही स्वेटर घालावा लागेल अशा गार खोलीत, कपाटाएवढी यंत्रं ओळीने उभी होती. त्यांच्यासमोर एक टेबल, टेबलावर टाइपरायटरसारखं एक धूड. त्याला कन्सोल म्हणत. यंत्राला काही हवं असलं की ते कन्सोलच्या कागदावर खडखडत एक ओळ छापायचं. माहितीच्या फितीचं अमुक रीळ चढवा, तमुक छपाईयंत्रातला कागद संपला. कधी ते प्रश्न विचारायचं. प्रत्येक प्रश्नाला नंबर असायचा. मंसूरने तो नंबर टाइप करायचा, पुढे उत्तर टाइप करायचं, की गाडी पुढे सरकली. तोवर यंत्र गप्प वाट बघत बसायचं. उत्तर काय द्यायचं हे मात्र मंसूरने ठरवायचं नसायचं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्या साहेबांनी ते रनशीट नावाच्या कागदावर आधीच लिहून ठेवलेलं असायचं. म्हणजे प्रश्न यंत्राचा, उत्तर साहेबांचं आणि बोटं तेवढी मंसूरची.

बोटं मात्र खरोखर चांगली होती. मुलाखतीत साहेबांनी वडील काय करतात असं विचारलं तेव्हा हा म्हणाला, बांगड्या भरतात. चार बोटं मिटवून, अंगठा आत दुमडून, रुंद हातावरून अरुंद बांगडी न फोडता कशी सरकवायची हे त्याने साहेबांच्याच हातावर दाखवलं. साहेब हसले आणि त्याला पंच रूममधून, म्हणजे माहितीची कार्डं भोकं पाडून तयार होत त्या खोलीतून, उचलून कन्सोलवर बसवलं. घाई नाही, धसमुसळेपणा नाही, आणि समोरचा कळवळला तरी आपण शांत. कन्सोलला असाच माणूस लागतो.

हे सगळं मंसूरने एकदा, एकदाच, सत्तार टेलरच्या ओट्यावर सांगितलं. महिन्यातून दोनदा तो शनिवारच्या एसटीने घरी यायचा, तेव्हा ओट्यावर बैठक जमायची. कोणीतरी विचारलं, दिवसभर करता काय? मंसूर रंगात आला.

"सकाळपासून तीस-चाळीस जॉब येतात. घाईचा असेल तो पुढे काढायचा. बाकीचे होल्डवर ठेवायचे, वेळ आली की रिलीज करायचे. एखादा अडूनच बसला तर सरळ कॅन्सल."

सत्तार टेलरचं शिवणयंत्र थांबलं. सत्तार भायखळ्याला सहा वर्षं काढून आला होता, त्यामुळे बाजारपेठेत इंग्रजीचा अर्थ लावायचं खातं त्याच्याकडे होतं.

"रोज चाळीस जॉब? मंसूरमियाँ, कॅन्सलसुद्धा तुम्हीच करता?"

"मीच."

सत्तारने ओट्यावरच्या मंडळींकडे वळून भाषांतर केलं. "जॉब म्हणजे नोकरी."

झालं. पुढच्या खेपेच्या शनिवारी मंसूर एसटीतून उतरला तर स्टँडवर सात जण उभे. त्यानंतरच्या खेपेला सतरा. कोणाचा मुलगा मॅट्रिक होऊन घरी बसलेला, कोणाचा भाऊ जंगलखात्यात हंगामी. मंसूरने हात जोडून सांगितलं, "अहो, हा जॉब म्हणजे नोकरी नव्हे. काम. यंत्राचं काम."

"मग कामच पाहिजे ना शेट," समोरचा म्हणाला. "नोकरी कोणाला पाहिजे?"

यावर बोलणार काय? नाही म्हणावं तर माणूस मोठा झाला, गाव विसरला. हो म्हणावं तर खोटं. मंसूरने मधला मार्ग काढला. तो अर्ज घ्यायचा, वाचायचा, त्यातल्या चुका दुरुस्त करून द्यायचा, ठाण्याच्या सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवा म्हणून सांगायचा आणि अर्जाची एक प्रत नायलॉनच्या पिशवीत टाकायचा. पिशवी मुंबईच्या खोलीत खाटेखाली जायची. खाटेखाली अर्जांचं काय होणार? होल्डवर. आणि गंमत अशी की शंभरातल्या पाच-सात जणांना आपोआपच कुठे ना कुठे नोकरी लागायची. ते पेढे घेऊन यायचे. उरलेल्यांना वाटायचं, आपला अजून रिलीज झाला नाही.

त्याची बायको शकिला जव्हारलाच राहून दुकान बघायची. मोखाड्याच्या आठवडी बाजारातही तीच बांगड्यांची पाटी घेऊन बसायची. तिने या प्रकरणाचा निकाल फार लवकर लावला होता.

"अजी, तुम्ही नाही म्हणता, पण छाती फुगवून नाही म्हणता," ती म्हणायची. "असं नाही कोण ऐकेल?"

ते खरंही होतं. स्टँडवर आपल्यासाठी माणसं उठून उभी राहतात, चहाचे पैसे कोणी देऊ देत नाही, हे मंसूरला गोड लागत होतं. मुंबईत त्याला हाक मारायची तर साहेब नुसतं "ऑपरेटर" म्हणायचे.

या साऱ्या जत्रेत अर्ज न दिलेली एकच व्यक्ती होती. जामसरच्या जिव्याची पोर, गोदा. जिव्या मणियारांचा जुना गिऱ्हाईक. गोदा आश्रमशाळेत शिकली, डी.एड. झाली आणि कॉलेजात दुसरी आली. अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात आदिवासी भागासाठी प्राथमिक शिक्षकांची भरती निघाली, तेव्हा जिव्या तिला घेऊन दुकानात आला आणि अर्जाची प्रत मंसूरपुढे धरली.

"शेट, एवढा रिलीज करा. यंदा नाय झाला तर दिवाळी झाल्यावर हिला पण भट्टीवर न्यावी लागंल. दोन वर्षं घरात बसलीय. किती दिवस बसवू?"

भट्टी म्हणजे भिवंडीकडची वीटभट्टी. जिव्याचं सगळं घर दरसाल तिथे जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. गोदाने बापाच्या हातातला कागद काढून घेतला.

"चाचा, मी पोस्टानं पाठवलाय. माझे मार्क हायेत. मला वशिला नको."

मंसूर म्हणाला, "शाबास." आणि मनातून थोडा खट्टू झाला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी त्याच्याबद्दल अगदी बरोबर बोललं होतं.

ऑगस्टच्या चौदा तारखेला, दुपारी दोनच्या सुमारास, तीच भरती कन्सोलवर आली. सगळ्या उमेदवारांचे मार्क रिळावर होते. यंत्राने ते वाचायचे, मार्कांप्रमाणे लावायचे आणि निवडयादी छापायची. मंसूरने रीळ चढवलं, हुकूम टाइप केला, जॉब सुरू झाला. वीस मिनिटांनी रीळ संपलं आणि कन्सोल खडखडला. प्रश्न नंबर सात. आणखी रीळ आहे का?

मंसूरने रनशीट पाहिली. तिच्यावर लिहिलं होतं, "या प्रश्नास उत्तर : नाही."

त्याची बोटं कळांवर गेलीही होती. पण बाजूच्या ट्रॉलीवर एक छोटं रीळ पडलं होतं, त्यावरची चिठ्ठी त्याला दिसली. "पुरवणी. जव्हार व मोखाडा. ४३." मंसूरला ते लगेच उमगलं. जुलैत घाटात दरड कोसळून टपालाची पिशवी आठ दिवस अडकली होती. अर्ज मुदतीत टाकलेले, पण पोचले उशिरा. भरती करणाऱ्या खात्याने ते मान्य करून मागाहून पंच करायला दिले, त्यांचं हे वेगळं रीळ. रनशीट मात्र दरड पडायच्या आधी लिहिलेली. ती बदलायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

त्याने साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये होते, तिथून उठून फोनवर आले.

"साहेब, पुरवणीचं एक रीळ आहे. शीटवर मात्र नाही लिहिलंय."

"शीटवर काय लिहिलंय?"

"नाही."

"मग विचारतोस काय?" साहेब म्हणाले, आणि फोन ठेवला.

यंत्र वाट बघत होतं. त्रेचाळीस नावं गळाली तर कोणाला कळणार नव्हतं. यादीत नाव असलेला माणूस कार्यालयात येतो. नसलेला माणूस समजतो, आपले मार्क कमी पडले असतील. जिव्या तर काहीच समजणार नव्हता, तो पोरीला घेऊन भट्टीवर जाणार होता. गोदाचं नाव त्या रिळावर आहे की नाही हेही मंसूरला ठाऊक नव्हतं. रिळावरचं डोळ्यांनी वाचता येत नाही. पण जामसरचं टपाल जातं ते जव्हारच्याच पिशवीतून.

चार वर्षांत त्याने कन्सोलला स्वतःच्या मनाने एक अक्षर सांगितलं नव्हतं. आज त्याने सातचा आकडा टाइप केला, पुढे "आहे" असं उत्तर दिलं, आणि ते छोटं रीळ उचलून यंत्रावर चढवलं. तासाभराने यादी छापून निघाली. गोदा जिव्या, जामसर, अकरावा नंबर. मंसूरने ती ओळ दोनदा वाचली आणि कागद घडी घालून ट्रेमध्ये ठेवला.

बोंब उठली आठ दिवसांनी. शीटच्या हिशेबापेक्षा यादी करताना त्रेचाळीस उमेदवार जास्त धरले गेले होते. खात्याने आपलं रजिस्टर काढून तपासलं आणि कळवलं की यादी अगदी बरोबर आहे. शीट लिहिणाऱ्या साहेबांनीही आपली शीट तपासली आणि तीही अगदी बरोबर निघाली. आता यादी बरोबर आणि शीटही बरोबर, मग चुकलं कोण? उरला होता एकटा मंसूर.

त्याच्याकडून लेखी खुलासा मागितला. तो सगळं खरं लिहायला बसला, तेव्हा त्याच्याच खोलीत राहणाऱ्या, पंच रूममधल्या एका जुन्या कारकुनाने त्याचं पेन धरलं.

"काय लिहितोस? माझ्या गावची नावं होती म्हणून शीट मोडली? आणि खाटेखाली तुझ्या गावचे शे-दीडशे अर्ज? अरे, चौकशी लागेल तुझी. यादीही रद्द करतील. लिही, चुकून झालं."

स्वतःच्या चौकशीला मंसूर भ्याला, हे खरं आहे. पण यादी रद्द होईल या शब्दांनी त्याने पेन उचललं. आयुष्यात स्वतःच्या अकलेने दिलेलं एकमेव उत्तर, आणि ते आपण चुकून दिलं असं त्याने स्वतःच्या सुवाच्य अक्षरात लिहून दिलं. सरकारने त्याला ताकीद दिली आणि कन्सोलवरून उठवून रिळांच्या कपाटापाशी बसवलं. हुकूम देणं संपलं. आता लोक चिठ्ठी द्यायचे आणि हा रीळ काढून द्यायचा.

गोदा ऑक्टोबरात मोखाडा तालुक्यातल्या एका शाळेत रुजू झाली. जिव्या दिवाळीनंतर भट्टीवर गेला, पण पोरीला न घेता. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. पण जव्हारात ती आता कुठे सुरू होत होती. मणियारने कळ दाबली आणि जिव्याची पोर मास्तरीण झाली, असा हा हा म्हणता बोभाटा झाला. सत्तार टेलर तर शिवता शिवता कळ कशी दाबली ते बोटाने करून दाखवायचा.

डिसेंबरातल्या एका रविवारी गोदा मणियारांच्या दुकानात आली ती तणतणतच.

"चाचा, तुमी लोकांना काय सांगितलंत?"

"मी? काही नाही."

"शाळेत मोठे गुरुजी म्हणतात, बाई, तुमचं काय, तुमी बटणावर आलेल्या. पोरांचे बाप म्हणतात, हिला येतं काय? मणियारनं लावली. मी रात्रंदिवस अभ्यास केला तो काय बटणासाठी?" तिचे डोळे भरून आले, त्याचाही तिला राग आला. "तुमी सांगा सगळ्यांना. काय केलं नाय म्हणून सांगा."

चार वर्षं मंसूर हेच सांगत आला होता, ते खरं होतं आणि कोणी मानलं नव्हतं. आता ते खोटं झालं होतं आणि त्याच्याकडून मागितलं जात होतं. शकिलाने हातातली बांगड्यांची लड खाली ठेवली.

"नुसतं सांगून नाही भागायचं," ती म्हणाली. "तो कागद दाखवा."

मंसूरचा चेहरा उतरला. ताकिदीचा कागद त्याने फक्त शकिलाला दाखवला होता, तोही दिवा बारीक करून. तो बाजारात दाखवायचा म्हणजे कपडे उतरवण्यापैकीच. पण समोर गोदा उभी होती, आणि तिच्याकडे मार्कांशिवाय दुसरं काही नव्हतं.

त्याने रजा काढली. मोखाड्याच्या बाजारादिवशी शकिलाच्या पाटीमागे तो जाऊन बसला. माणसं जमायला वेळ लागला नाही. सत्तार टेलरही तयार लेंगे विकायला आला होता. भट्टीवरून दोन दिवसांसाठी आलेला जिव्या होता. मंसूरने खिशातून कागद काढला.

"मंडळी, सरकारने माझ्याबद्दल काय लिहिलंय ते ऐका. मी वाचलं तर म्हणाल पदरचं घातलं. गोदाबाई, तुम्ही वाचा."

गोदाने वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात सुरुवात केली. "ज्ञापन. श्री. मंसूर मणियार, ऑपरेटर, यांस कळविण्यात येते की, आपण दिनांक चौदा ऑगस्ट रोजी निष्काळजीपणाने, रनशीटमधील सूचनेविरुद्ध, प्रश्न क्रमांक सात यास चुकीचे उत्तर देऊन..." इथे ती क्षणभर अडखळली. "...पुरवणी रीळ, संच जव्हार व मोखाडा, यंत्रावर चढविले. ही चूक आपण लेखी मान्य केली आहे. आपणांस सक्त ताकीद देण्यात येत असून आपली बदली रीळ भांडारात करण्यात येत आहे."

सरकारी मराठीतून लोकांच्या हाती लागतात ते मोजके शब्द. निष्काळजीपणा, चूक, ताकीद, भांडार.

"म्हणजे हे हुकूम देत नाहीत?" कोणीतरी विचारलं.

"यांनाच देतात," सत्तार टेलरने खुलासा केला. भाषांतर करताना त्याचा आवाज पडला होता. "भांडार म्हणजे गोडाऊन."

लोक हसले. आधी दबून, मग चांगले मोकळे. मंसूरही हसला, पण ते हसू त्याला फार महाग पडलं. हीच माणसं स्टँडवर त्याच्यासाठी उठून उभी राहत होती. एक जण पुढे येऊन म्हणाला, "शेट, मग आमचा अर्ज परत द्या. फुकट कुठं पडून राहील." त्याच्यामागे आणखी चौघे सरकले. मंसूरने सगळ्यांना पुढच्या खेपेला आणून देण्याचं कबूल केलं.

"मग जिव्याची पोर लागली कशी?" मागून एक म्हातारा म्हणाला.

"मार्कावर!" जिव्या ओरडला. "कालिजात दुसरी आलीय माझी पोर!"

"मार्कावरच लागली म्हणायची मग," म्हातारा म्हणाला, आणि दोघातिघांनी माना डोलावल्या.

घोळका पांगला, तरी सत्तारच्या लेंग्यांपाशी चर्चा चालूच होती. गोदा मात्र पाटीजवळ उकिडवी बसून कागद पुन्हा वाचत होती. एका ओळीवर तिचं बोट थांबलं होतं.

"चाचा, माझा अर्ज घाटात अडकला होता. पोस्टमन सांगायचा." तिने वर बघितलं. "सात नंबरला नाही म्हटलं असतं, तर आमची नावं कुठं गेली असती?"

"कपाटात," मंसूर म्हणाला. "आता मी बसतो तिथे."

"म्हणजे चुकून नव्हतं."

मंसूरने कागद तिच्या हातातून काढून घेतला आणि घडी घालू लागला. गोदा ताडकन उठली आणि लेंग्यांपाशी उभ्या मंडळींकडे वळली.

"मी सांगते त्यांना. तुमी नाव लावलं नाय, नाव पडू दिलं नाय. यात फरक हाय. मी समजावून सांगते."

"बस खाली," मंसूर म्हणाला.

"पण ते तुमाला हसतायत चाचा!"

"हसू देत. आत्ता कुठे त्यांनी तुझे मार्क मानलेत. तू तोंड उघडलंस की गेले."

गोदाने एकदा त्या मंडळींकडे बघितलं. मग खाली बसली.